मिडफिल्डर व्हायचंय? आधी मान फिरवायला शीक

फुटबॉलमध्ये मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारी खेळाडू, कसं व्हायचं हा तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. गोल्फ क्लब मैदानावर रोज सकाळी धावतेस म्हणजे दम तयार होतोय. पण मिडफिल्डरचं पहिलं काम बघणं आहे, पळणं त्यानंतर. पास तुझ्याकडे येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाक, मग पहिला टच मोकळ्या जागेकडे. 2023, 2024 आणि 2025 असा सलग तीनदा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकणारी स्पेनची मिडफिल्डर ऐताना बोनमाती अंगाने काही धिप्पाड नाही. तिची मॅच बघशील तेव्हा बॉल सोडून तिची मान बघ!

नव्या मुली हमखास इथे चुकतात:

- बॉल दिसला की सगळ्या त्याच्यामागे. तू तुझी जागा सोडू नकोस.
- डावा पाय विसरणं. रोज भिंतीवर शंभर पास मार, निम्मे डाव्याने.
- दुखरा गुडघा लपवून खेळणं. मी लपवला होता, अख्खा सीझन गेला.

मुलींची टीम जवळपास नसेल तर मुलांबरोबर बिनधास्त खेळ. इंडियन विमेन्स लीगचा, म्हणजे देशातल्या महिला क्लबांच्या मोठ्या स्पर्धेचा, विचार इतक्यात नको. आधी शाळेची टीम, मग जिल्ह्याची निवड चाचणी. जन्मदाखला मात्र आईला आजच शोधून ठेवायला सांग, वयोगटाच्या चाचणीला तो मागतात.