ग्रीसचा फ्लॅट, सात लाखांचं रिटर्न आणि तासगावचा बेदाणा

या वेळचं पत्र तासगावहून आलंय. चार पानी आहे आणि मूळ प्रश्न शेवटच्या पानावर, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. गृहस्थ ४६ वर्षांचे, बेदाण्याचा व्यापार, घरात बायको, मुलगी १७ वर्षांची बारावीत, मुलगा १३ चा, वडील आहेत. मेव्हण्याच्या मुलाला कॅनडाची पीआर (तिथं कायम राहायचा परवाना) मिळाली आणि तो आता "जगभर व्हिसा न काढता फिरतो" असं घरात ऐकून ऐकून यांचे कान किटले. त्यात यांचा स्वतःचा युरोपचा व्हिसा २०२४ ला रिजेक्ट झाला. मग कोल्हापुरात एका हॉटेलात सेमिनार झाला, जेवण बरं होतं म्हणे, आणि तिथं कळलं की ग्रीसमध्ये अडीच लाख युरोचा फ्लॅट घेतला की अख्ख्या कुटुंबाला रेसिडेन्सी, २९ देश व्हिसाशिवाय, शिवाय फ्लॅट एअरबीएनबीला लावून पाच टक्के भाडं. टोकन दोन लाख रोख देऊनही आलेत. विचारतात काय, तर "सर, ग्रीस घेऊ का त्यापेक्षा दुबईचा गोल्डन व्हिसा बरा?"

दोन्ही नको. पण नुसतं नको म्हणून थांबता येत नाही, कारण पत्रात पान दोनवर एक ओळ अशी आहे की मी चहा खाली ठेवला. तिकडं येतो, आधी फिरण्याचं उरकू.

पीआर आणि पासपोर्ट यात लोक फार गल्लत करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पीआर म्हणजे भाडेकरार आणि पासपोर्ट म्हणजे सातबारा. दुसऱ्या देशाच्या दारात उभं राहिल्यावर तो सातबारा बघतो. तुमच्या भाच्याकडं कॅनडाची पीआर असली तरी पासपोर्ट भारताचाच आहे, त्यामुळं त्याला शेजारच्या अमेरिकेत जायला सुद्धा व्हिसा लागतो, ब्रिटनला लागतो, युरोपला लागतो. मेक्सिको चालतं, १८० दिवसांपर्यंत, आणि त्या बाजूचे काही छोटे देश. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर कॅनडात व्हिसा न काढता जाता येतं, पण पॅरिसला जायचं तर ग्रीन कार्डवाला भारतीय पण आपल्यासारखाच लाइनीत. आणि हे फुकट नसतं, कॅनडाची पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहावं लागतं. भाचा तिथं राहतो, कमावतो, त्याचं ठीक आहे, त्याला फिरणं वरकड म्हणून मिळालंय. तुम्ही नुसतं वरकड अडीच कोटीला विकत घ्यायला निघालाय.

ग्रीसची रेसिडेन्सी खरी आहे, फसवणूक नाही, एवढं त्या सेमिनारवाल्याच्या बाजूनं बोलतो. पाच वर्षांचं कार्ड मिळतं, तिथं राहायची सक्ती नाही, आणि बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले २९ देश) दर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. पण अडीच लाख युरोचा जो दर तुम्हाला सांगितला तो आता सगळीकडं चालत नाही. २०२४ च्या नव्या कायद्यापासून अथेन्स, थेस्सालोनिकी आणि मोठी बेटं इथं आठ लाख युरो, बाकी ठिकाणी चार लाख. अडीच लाखात बसतं ते फक्त दुकान-ऑफिस-कारखान्याचं घर करून विकतात ते, किंवा जुन्या वारसा इमारतीची दुरुस्ती. म्हणजे तुम्हाला अथेन्समधलं कुठलं तरी जुनं ऑफिस घर म्हणून दाखवलंय. आणि एअरबीएनबी? त्याच कायद्यानं अशा घरांना ते बंद केलंय, लावलं तर ५० हजार युरो दंड आणि कार्ड रद्द. म्हणजे ज्या पाच टक्क्यांवर तुम्ही मान डोलावली तेच बेकायदेशीर आहे, आणि हे सांगणारा माणूस सूट घालून आला होता. मुलांचं कार्ड २१ पर्यंत, ओढून ताणून २४. मुलगी आत्ता १७ ची आहे, सात वर्षांत ती बाहेर. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका यातलं काहीच यात येत नाही.

दुबईचं तर बोलूच नका. २० लाख दिरहमची प्रॉपर्टी म्हणजे पावणेपाच कोटी, दहा वर्षांचा व्हिसा मिळतो पण तो दाखवून युरोपात कोणी सोडत नाही. (आणि ते एक लाख दिरहममध्ये आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा म्हणून जुलै २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरलं होतं ते तिथल्या सरकारनंच खोटं म्हणून सांगितलं होतं. मला तेव्हा एका दिवसात अकरा फोन आले, त्यातले तीन विट्याचे.)

आता हिशोब. युरो शंभर रुपये धरू. फ्लॅट अडीच कोटी, ट्रान्सफर टॅक्स-वकील-नोटरी-एजंट मिळून पंचवीस लाख. पैसे बाहेर पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे एकट्याच्या नावानं भागणार नाही, बायकोच्या नावानं पण पाठवावे लागणार. दोघांचे मिळून पहिले वीस लाख सोडून फ्लॅटच्या बाकी रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस (आगाऊ कापून घेतलेला आयकर) कापणार, झाले ४६ लाख. ते रिटर्न भरल्यावर परत मिळतात पण तोवर अडकतात. म्हणजे सव्वातीन कोटीची सोय पाहिजे.

आणि समोर काय वाचतंय? चौघांची शेंगेन व्हिसा फी माणशी ९० युरो, ३६ हजार. सेंटरचा चार्ज, विमा, मुंबईचे हेलपाटे धरून साठ हजार म्हणा. तुम्ही लिहिलंय दोन वर्षांतून एकदा युरोप. वीस वर्षांत दहा ट्रिपा, सहा लाख. सहा लाख वाचवायला सव्वातीन कोटी! अडीच कोटीची एफडी सात टक्क्यांनी ठेवली तर पाच महिन्यांच्या व्याजात वीस वर्षांचे व्हिसे निघतात. आणि एप्रिल २०२४ पासून युरोपनं भारतात राहणाऱ्या भारतीयांना अशी सोय दिलीय की तीन वर्षांत दोनदा व्हिसा घेऊन नियमानं जाऊन आलात की पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत असेल तर पाच वर्षांचा. ग्रीसबाहेर कार्डवर जे मिळणार तेच, ९० दिवसांचं गणित पण तेच. हे सेमिनारमध्ये का नाही सांगितलं ते तुमचं तुम्ही ओळखा.

पण तुम्ही म्हणाल, सर, आमचा पहिलाच रिजेक्ट झालाय ना.

तर आता ती पान दोनची ओळ. "रिटर्न सात लाखाचं भरतो, तसं सुटतात वर्षाला २८-३० लाख." अहो, तुमचा व्हिसा भारताच्या पासपोर्टनं नाही अडवला, तुमच्या रिटर्ननं अडवलाय. तुम्ही रिजेक्शनचा कागद जोडलाय, त्यावर दोन चौकटींत टिक आहे: खर्चाची ऐपत दिसत नाही, आणि परत जाल याची खात्री नाही. बरोबरच आहे की. सात लाख उत्पन्नाचा माणूस चौघांना घेऊन पंधरा दिवसांची आठ लाखांची ट्रिप करतोय, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर सहा लाख रोख भरलेत. त्या खुर्चीवर मी असतो तरी नाही म्हणालो असतो. आणि हाच माणूस उद्या सव्वातीन कोटीची जुळणी दाखवून ग्रीसला जाणार आणि पुढच्या वर्षी ४६ लाखांचा टीसीएस रिफंड मागणार, ज्याचा स्वतःचा टॅक्स शून्य. आयकरवाले रिफंड देतील का घरी येतील, सांगा बरं.

हे रिटर्न तुम्हाला सगळीकडं आडवं येतंय आणि तुम्हाला ते अजून दिसलेलं नाही. पैसे कुठून आणणार लिहिलंय ते बघू: विश्रामबागचा प्लॉट विकून ९० लाख, एफडी ४० लाख, बायकोच्या दागिन्यांवर २०, आणि "कॅश क्रेडिटमधून तात्पुरते एक कोटी". पहिली गोष्ट, परदेशात प्रॉपर्टीसाठी पैसे पाठवायला बँकेनं कर्ज द्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. दुसरी, सीसी म्हणजे ते कॅश क्रेडिट बँकेनं कोल्ड स्टोरेजमधल्या मालावर दिलंय, तो पैसा फ्लॅटमध्ये गेला की त्याला फंड वळवणं म्हणतात, आणि दिवाळीला झिरो पेमेंटच्या (सगळी देणी शून्यावर आणायच्या) वेळी शेतकऱ्यांचं देणं द्यायला बसलात की तो एक कोटी अथेन्समध्ये असेल. तिसरी, एफडी मुलीच्या शिक्षणाची आहे हे तुम्हीच पान एकवर लिहिलंय. आणि बँकेनं सात लाखांच्या रिटर्नवर दोन कोटीची लिमिट कशी दिली हे मी विचारत नाही, पण बँकेला एक ताळेबंद आणि आयकराला दुसरा असं असेल तर ते पहिल्यांदा बंद करा.

आता त्याहून वाईट. सीसी दोन कोटीची, उचल एक कोटी साठ लाख. तारण वडिलांच्या नावचं घर. जामीनदार बायको. फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे फर्म म्हणजे तुम्हीच. आणि विमा? एलआयसीच्या सात पॉलिसी मिळून १८ लाख, हप्ता वर्षाला एक लाख साठ हजार. वर लिमिट रिन्यू करताना बँक मॅनेजरनं गळ्यात मारलेली युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी), वर्षाला तीन लाख, त्यात कव्हर ३० लाख. एकूण ४८. म्हणजे उद्या विट्याच्या रस्त्यावर तुमचं काही बरंवाईट झालं (माफ करा, पण माझं कामच हे आहे) तर बँक १६० लाख मागणार, घरात येणार ४८ लाख, आणि कोणत्या अडत्याकडं, कोणत्या दिल्लीवाल्याकडं किती येणं आहे ते तुमच्या डायरीत आणि डोक्यात. बायकोला त्यातली चार नावं तरी माहीत आहेत का? आणि तुम्ही मला विचारताय ग्रीस का दुबई.

२८ लाखांवर नव्या पद्धतीनं टॅक्स बसला असता साडेचार लाखांच्या आत. तो वाचवला, आणि वर्षाला चार लाख साठ हजार विम्याच्या हप्त्यात घातले, ज्यातून धड विमा पण नाही. असा जुळलेला हिशोब मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

बरं मग तीन कोटीचं टर्म (माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा) काढतो म्हणाल तर तिथं पण तेच रिटर्न आडवं. कंपनी मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न बघते, तुमच्या वयाला ढोबळ मानानं उत्पन्नाच्या पंधरा पट देते. सात लाखाला एक कोटी. २८ दाखवले असते तर चार कोटी मिळाले असते. तर आत्ता मिळतंय ते एक कोटी लगेच काढा, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही, तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा (बेदाणा सौद्यात बसणारा माणूस आहे, मला शंका आहे). पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या म्हणजे त्या पैशावर तुमच्या देणेकऱ्यांचा हात पडत नाही, हे पॉलिसी घेतानाच सांगावं लागतं, नंतर होत नाही. आणि इथं एक मेख आहे, बायको स्वतःच जामीनदार असल्यामुळं तिच्या हातात पैसा आला की बँक तिच्याकडं मागू शकते, म्हणून लाभार्थी मुलांना ठेवायचं आणि ट्रस्टी कोण ते वकिलाला विचारून ठरवा.

रिटर्नचं काय करायचं ते चांगल्या सीएकडं बसून करा. "चांगल्या" म्हणजे जो आत्ता सात लाखांवर सही करतोय तो नव्हे. मागच्या वर्षांसाठी अपडेटेड रिटर्नची सोय आहे, चार वर्षांपर्यंत मागं जाता येतं, पण उशीर होईल तसा जादा टॅक्स २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि नोटीस येईपर्यंत थांबू नका. पैसे जातील, दुखेल. पण दोन खरी रिटर्न हातात आली की व्हिसा पण सुटतो, टर्म पण वाढवता येतं आणि सीसीला वडिलांचं घर अडकवायची गरज पण कदाचित कमी होईल, तेव्हा बँकेशी जामीनकीचं बोला.

प्लॉट विकायचा असेल तर विका, पण ते ९० लाख सीसीत भरा, साडेदहा टक्क्यांचं व्याज वाचतंय, ग्रीसमध्ये कुणी एवढं देणार नाही. युलिपला पाच वर्षांचा लॉक-इन आहे, दोन हप्ते गेलेत, पुढचा भरण्याआधी मला स्टेटमेंट पाठवा, आणि अडीच लाखांच्या वर हप्ता असल्यामुळं तिचे सुटणारे पैसे करमुक्त पण नाहीत हे मॅनेजरनं सांगितलं होतं का ते पण कळवा, मला उगाच उत्सुकता आहे.

युरोपला दोन वर्षांनी जा. तोवर थायलंड, श्रीलंका, मॉरिशस करा, एवढे कागद तिकडं कोणी मागत नाही, मुलं खूश होतील. मुलगी बारावीत आहे तर यंदा तसंही कुठं जाणार आहात.

राहिले टोकनचे दोन लाख. "रिफंडेबल आहेत असं बोलले होते" असं तुम्ही लिहिलंय, पावती हाताने लिहिलेली आहे आणि फोटोत शिक्का अर्धाच दिसतोय. आजच ई-मेलवर लेखी परत मागा, एअरबीएनबीच्या भाड्याचं जे आश्वासन दिलं होतं ते त्यात शब्दशः लिहा, फोनवर बोलून उपयोग नाही. मिळाले तर एक कोटीच्या टर्मचे चार-पाच वर्षांचे हप्ते त्यातच निघतात.