दोन फोन, एक मळा

भाऊ, रावेरकडच्या केळीच्या मळ्यात दोघांच्या फोनच्या कॅमेऱ्यात ठिबकची एकच आभासी नळी त्याच जागी दिसावी, हा तुझा बेत झकास आहे. पण जीपीएसवर विसंबू नकोस. ते दोन-चार मीटर सहज चुकतं, आणि केळीची लागवड पाच-पाच फुटांवर. तुझी नळी शेजारच्या ओळीत जाऊन बसेल.

एआरकोअर म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यावर आभासी वस्तू दाखवणारं गुगलचं साधन. त्याचा क्लाउड अँकर, म्हणजे दोन्ही फोनना सापडणारा जागेचा आभासी खुंटा, वापर. २०१८ पासून आहे, अँड्रॉइड नि आयफोन दोन्हींवर चालतो. पहिला फोन आजूबाजूच्या ठळक खुणा क्लाउडवर पाठवतो, दुसरा त्याच खुणा ओळखून आपली जागा ठरवतो. म्हणून अँकर पानांवर टाकू नकोस; वाऱ्यानं हलणाऱ्या पानांत खुणा टिकत नाहीत. मी त्यातच आठवडा घालवला! विहिरीचा दगडी काठ धर, त्याभोवती फोन सावकाश फिरव. चुना मारलेली कोरी भिंतही नको.

नुसत्या एपीआय कीवर, म्हणजे गुगलची सेवा वापरायला ॲपमध्ये घालायच्या किल्लीवर, अँकर २४ तासच टिकतो. ३६५ दिवसांपर्यंत हवा तर टोकनची, म्हणजे तात्पुरता परवाना दाखवून ॲपची ओळख पटवायची, पद्धत लाव. रानात रेंज आहे का, तेही आधी बघ. नेटशिवाय अँकर सापडत नाही. आणि मे महिन्यात भर दुपारी चाचणी? फोन तापून बंद पडेल. सकाळी सातलाच जा.