भाचा मामासारखा दिसतो, म्हणून मामाचा आजार त्याला येणार का?

"पोर मामावर गेलंय" असं आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. पण ज्या घरात मामाला जन्माचं दुखणं आहे, तिथे याच वाक्यानं आईची झोप उडते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही माणसं आनुवंशिक आजाराचा सल्ला घ्यायला आली की हा प्रश्न कधी मराठीत, कधी कानडीत माझ्यापुढे येतोच. उत्तर आधीच सांगते. चेहऱ्यावरून असा आजार ओळखता येत नाही. चेहरा मामाचा आला म्हणून मामाचा आजार येतो असं नाही, आणि चेहरा बापाचा आला म्हणून मूल सुटलं असंही नाही.

मागे एक घर या प्रश्नापायी फार हैराण झालं होतं. त्या मुलीला इथे रेणुका म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माहेर संकेश्वरकडचं, सासर बेळगावात वडगावला, घरी यंत्रमाग. तिच्या भावाला जन्मापासून हिमोफिलिया आहे. रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' त्याच्या अंगात जवळजवळ तयारच होत नाही. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साकळून एक गुडघा आखडलाय. शिवाय त्याला तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. लहानपणी मिरची तोडायला गेला की पिकलेली आणि हिरवी एकाच पाटीत टाकायचा आणि बोलणी खायचा. रेणुकाच्या आईचा एक भाऊही लहानपणी दात पडल्यावर रक्त थांबेना म्हणून गेला होता.

रेणुकाचा मुलगा आठ महिन्यांचा. हनुवटीला तीच खळी, तेच कुरळे केस, हसला की तोच एक डोळा बारीक. सासूबाई म्हणाल्या, "सगळं मामाचंच घिऊन आलंय की ओ हे. मग रक्त तेवढं बापाचं कसं असंल?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. रेणुका तर पोराला रांगूच देत नव्हती. दिवसभर कडेवर. आणि मनात भलतंच: "ग्रहणात मी भाजी चिरलो होतो की मॅडम, त्यानं झालं असंल काय?"

मी कागद घेतला. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे आईबापांचा वारसा वाहणाऱ्या धाग्यांच्या, २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. स्त्रीबीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं, आणि एका जोडीतलं कोणतं गेलं याचा दुसऱ्या जोडीशी संबंध नसतो. मेंडेलनं १८६६ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून मांडलेला नियम तो हाच. नुसती ही निवड धरली तरी एका बाईच्या बीजात ८३,८८,६०८ प्रकारच्या जुळण्या होऊ शकतात. आकडा ऐकून सासूबाई चटकन म्हणाल्या, "म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनीच की!" मला ते फार आवडलं. तेव्हापासून मीही तो आकडा तसाच सांगते.

आता चेहरा. नाक, हनुवटी, केस यांच्यामागे शेकडो जनुकं, म्हणजे गुण ठरवणारे गुणसूत्रावरचे तुकडे, असतात आणि ती वेगवेगळ्या गुणसूत्रांवर पसरलेली असतात. मामा-भाच्याचा सरासरी एक चतुर्थांश वारसा सारखा असतो, त्यामुळे साम्य दिसणारच. हिमोफिलियाचं जनुक मात्र एकच, एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ. मुलाला बापाकडून वाय येतो, एक्स फक्त आईकडून. रेणुकाकडे दोन एक्स: एक तिच्या वडिलांकडचा, निरोगी, दुसरा आईकडचा. आई नक्की वाहक, म्हणजे बिघडलेलं जनुक बाळगणारी आणि पुढे देऊ शकणारी, कारण भाऊही आजारी आणि मुलगाही. म्हणून रेणुका वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि बाळाला आजार असण्याची चारात एक. ही शक्यता हनुवटीच्या खळीनं वाढत नाही.

इथे रेणुकाच्या नवऱ्यानं तोंड उघडलं. तोवर तो गप्प बसून ऐकत होता. म्हणाला, "मेव्हण्याला दोन्ही हाय मॅडम, रक्ताचं बी आन् रंगाचं बी. मग हे पोर मोठं झाल्यावर त्याला मिरचीचा रंग कळला, तर रक्ताच्यातनं बी सुटलं म्हणायचं काय?"

असा प्रश्न रोज ऐकायला मिळत नाही. १९३७ मध्ये ज्युलिया बेल आणि जे. बी. एस. हाल्डेन या आनुवंशशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं होतं. हिमोफिलिया आणि रंगांधत्व दोन्ही असलेली घराणी घेऊन त्यांनी पाहिलं, की हे दोन दोष पिढ्यान् पिढ्या बरोबर जातात की सुटे होतात. बहुतेक बरोबरच जात होते. माणसाच्या दोन जनुकांमधली सहलग्नता, म्हणजे ती किती वेळा बरोबर जातात ते, मोजण्याचं हे अगदी सुरुवातीचं काम. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

नवऱ्याचा हात रोज सुतात, म्हणून मी दोन दोरे घेतले, एक तांबडा, एक पिवळा. तांबड्याच्या एका टोकाजवळ दोन गाठी मारल्या, अगदी शेजारी शेजारी, आणि तिसरी दुसऱ्या टोकाला. बीज तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून उभी राहतात, एकाच जागी तुटतात आणि तुटलेले तुकडे आलटून पालटून जोडले जातात. दोन्ही दोरे मध्येच कापून मी तांबड्याचा शेंडा पिवळ्याला बांधला. लांबची गाठ लगेच वेगळी झाली. शेजारच्या दोन गाठी वेगळ्या करायच्या तर कात्री बरोबर त्यांच्या मधेच पडायला हवी, आणि तसं क्वचितच होतं. १९१३ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ मॉर्गनचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट यानं फळमाशीचे गुण किती वेळा सुटे होतात यावरून गुणसूत्रावरचा जनुकांचा पहिला नकाशा काढला, तो याच हिशेबानं.

फॅक्टर आठचं जनुक आणि तांबडा-हिरवा ओळखणारी जनुकं एक्सच्या एकाच टोकाला, जवळ जवळ आहेत. त्यामुळे नवऱ्याचा तर्क बराचसा बरोबर होता. आजार फॅक्टर नऊचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या घटकाचा, असता तर हा तर्क टिकला नसता. ते जनुक एक्सवरच आहे, पण बरंच लांब. आणि फॅक्टर आठमध्येही क्वचित का होईना, ताटातूट होते. मुख्य म्हणजे रंग कळेपर्यंत थांबायचं कशाला? रक्तातला फॅक्टर आठ आजच मोजता येतो.

ग्रहणाचं उत्तर याच दोऱ्यांत होतं. बाईच्या बीजातली ही तोडजोड तिच्या गरोदरपणात होत नाही. ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असते, तेव्हाच होऊन गेलेली असते. रेणुकाच्या बाळाकडे कोणता तुकडा जाऊ शकतो त्याची मांडणी तिच्या जन्माआधीची. तिनं ग्रहणात चिरलेल्या भाजीचा, उचललेल्या घागरीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सासूबाईंकडे बघून.

डॉक्टरांनी बाळाच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं, टोचलेली जागा बराच वेळ दाबून धरली आणि अहवाल येईपर्यंत स्नायूत इंजेक्शन देऊ नका म्हणाले. बाळाचा फॅक्टर आठ व्यवस्थित निघाला. त्याला हिमोफिलिया नाही.

पण निरोगी मुलगा झाला म्हणजे आई वाहक नाही, असं ठरत नाही. त्यासाठी आधी भावाच्या जनुकातला नेमका बिघाड शोधला आणि मग तोच रेणुकामध्ये पाहिला. भावाच्या जनुकाचा मोठा तुकडा उलटा बसलेला निघाला. तीव्र हिमोफिलिया 'ए', म्हणजे फॅक्टर आठचा हिमोफिलिया, असलेल्या जवळपास निम्म्या घराण्यांत हाच बिघाड सापडतो. १९९३ मध्ये तो लक्षात आला. रेणुकातही तो होता. ती वाहक आहे.

अहवाल ऐकायला तिची आई आली होती. तीस वर्षं त्या बाईनं "हिच्याच पोटातनं आलं" ऐकलेलं. तिला मी सांगितलं, की हा उलटा तुकडा पहिल्यांदा तयार होतो तो बहुतेक वेळा पुरुषाच्या बीजात. बाईचे दोन एक्स एकमेकांना धरून राहतात. पुरुषाच्या एकुलत्या एक्सचं टोक स्वतःवरच दुमडून चुकीच्या जागी जोडलं जाऊ शकतं. म्हणजे घराण्यात हे बहुधा मागच्या कुणा पुरुषाकडून सुरू झालं, आणि त्यालाही ते कळलं नसणार. ती म्हणाली, "हे माझ्या सासूला सांगायला पायजे होतं."

पुढच्या वेळी मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक असण्याची निम्मी. गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं. लिंगनिवडीविरुद्धचा १९९४ चा कायदा लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करू देतो. करायची की नाही, ते दोघांनी ठरवायचं. दिवस राहण्याआधी एकदा येऊन बसा, एवढं मी सांगितलं.

राहिली आक्का, रेणुकाची थोरली बहीण. तिची मुलगी एकोणीस वर्षांची, आणि घरात तिला मामालाच द्यायची बोलणी चालली होती, आपल्या भागात चालतं तसं. मामाचा एक्स त्याच्या प्रत्येक मुलीकडे जाणारच. भाचीही वाहक असली, तर एरवी मुलांना होणारा हा आजार त्यांच्या मुलींनाही होऊ शकतो, दर मुलीमागे निम्मी शक्यता. हे ऐकल्यावर आक्का आणि तिची मुलगी दोघी आल्या. मुलगी खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मला मामाशी लग्न करायचंच नाही मॅडम. पण मी वाहक आहे का, ते मला कळायला पाहिजे."

त्याच दिवशी आधी आक्काचं आणि मग तिचं रक्त घेतलं.