जुने अ‍ॅडव्हेंचर गेम लॅपटॉपवर आडवे ताणलेले दिसतात. काय करू? (तालुका दारव्हा, 1366×768 चा पडदा)

गेम थेट विंडोजवर न चालवता स्कमव्हीएममध्ये (जुने अ‍ॅडव्हेंचर गेम आजच्या संगणकावर चालवणारा मोफत प्रोग्रॅम) चालवा, ग्राफिक्सच्या टॅबमध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो करेक्शन’ (रुंदी-उंचीच्या प्रमाणाची दुरुस्ती) सुरू करा आणि ‘स्ट्रेच मोड’ हा ‘फिट टू विंडो’वर ठेवा. 1990 च्या आसपासच्या बहुतेक गेमांचं चित्र 320×200 ठिपक्यांचं असायचं, पण तेव्हाचा मॉनिटर 4:3 आकाराचा. त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा 1.2 पट उंच दिसे. आज ठिपके चौरस झाले, म्हणून माणसं बसकी आणि चंद्र भाकरीसारखा चपटा दिसतो. आमच्या संगणक वर्गात तुमच्यासारख्याच पडद्यावर हे रोज बघतो: चित्र 1024×768 होतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. ते राहू द्या, पडदा भरायच्या नादात चित्राची वाट लावू नका. 200 ओळी 768 मध्ये नेमक्या पटीत बसत नाहीत, म्हणून अक्षरांच्या काही रेघा जाड, काही बारीक येतील. तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ दाबून फिल्टर लावा, रेघा सारख्या होतात. मात्र 640×480 चे नंतरचे गेम मुळातच 4:3 आहेत, त्यांना ही दुरुस्ती लागत नाही.

गेमच्या मूळ फाइली तुमच्याकडे हव्यात. नसतील तर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (1994) स्कमव्हीएमच्याच साइटवर मोफत मिळतो. एकदा उतरवला की नेट गेलं तरी चालतो.