पहिल्यांदा सुकाणू हाती घेताना

बाळा,

नारळी पौर्णिमा झाली की तू तांडेल म्हणून, सुकाणू हाती घेऊन बोट बाहेर काढणार, असं तुझी आई काल सांगत होती. ऐकून ऊर भरून आला. समोर आलास की नुसता हसशील आणि अर्धं विसरशील, म्हणून लिहून देतो.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, पण त्या तारखेला समुद्र शांत होतोच असं नाही. पहिल्या म्हावऱ्याला भाव चांगला मिळतो म्हणून एक ऑगस्टलाच निघणारे आपल्या हर्णै बंदरातही आहेत. तू थांब. चार दिवस उशिरा गेलास म्हणून कुणी नाव ठेवणार नाही.

जीपीएस आहेच, तरी तिथी विसरू नकोस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे पाठ असूनही मी एकदा चुकलो. वारा फिरला म्हणून आंजर्ल्याच्या खाडीत आसरा घ्यायला निघालो. त्या दिवशी पंचमी होती, म्हणजे भरती पावणेचारला. मी मुखाशी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. पाणी उतरलेलं आणि मुखावर गाळ किती साचलाय ते तुला ठाऊक आहेच. बोट वाळूत बसली. मागून लाटा आदळत होत्या. आतून एक होडी आली, मोहल्ल्यातल्या एका नाखव्याची, म्हणजे बोटमालकाची. आठच दिवसांपूर्वी लिलावात त्याच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं, बोलणं बंद होतं. त्यानं भांडणाचा विषयही काढला नाही. दोर फेकला, भरती चढेपर्यंत बोट धरून ठेवली आणि पहाटे घरी नेऊन चहा पाजला. त्या रात्री माझ्या बोटीवर सहा माणसं होती.

म्हणून सांगतो, किनाऱ्यावर भांड, भावासाठी भांड, जाळ्यावरून भांड, पण वायरलेसवर हाक आली की बोट कुणाची ते विचारू नकोस. कोळी, मुसलमान, भंडारी, खारवी, सगळे याच पाण्यात आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं छपरं उडवली, तेव्हा आधी कुणाचं घर शाकारायचं ते जात बघून ठरलं नाही. ज्या घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल, तिथे ताडपत्री आधी गेली.

आता खलाशांबद्दल. तुझ्या बोटीवर नेपाळची पोरं असतील. डोंगरातली ती, समुद्र पहिल्यांदा इथेच बघतात. सुरुवातीला त्यांना बोट लागते, उलट्या होतात. तेव्हा हसू नकोस आणि कुणाला हसूही देऊ नकोस. पहिल्या दिवशी त्यांना लाइफ जॅकेट घालायला शिकव, जाळं नंतर. त्यांची नावं नीट म्हणायला शीक. ‘ए नेपाळी’ अशी हाक तुझ्या तोंडून मला ऐकायची नाही. रात्री दोनला जाळं ओढताना दोराचं दुसरं टोक त्यांच्याच हातात असतं. जेवण सगळ्यांना एकाच टोपातलं वाढ. पगार ठरल्या दिवशी मिळावा म्हणून तुझ्या बोटीच्या नाखव्याच्या मागे तूच लाग, कारण त्या पोरांना इथे दुसरं कुणी नाही.

तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनमध्ये रंगानं मोठा लिहून ठेव. सगळ्यांची ओळखपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडी.

परत येताना कनकदुर्गावरचं दीपगृह दिसलं की घरी फोन कर. तुझे बाबा बाहेर असायचे तेव्हा आई फत्तेगडावरच्या आपल्या वस्तीतून दिव्यांकडे बघत बसायची, मी पाहिलंय.

निघायच्या दिवशी पहाटे मी बंदरावर येतो. नारळ तुझ्याच हातून वाहायचा. माझ्या खोलीत जुना जाड दोर आहे, त्याच रात्रीचा. नाखव्यानं परत घेतला नाही. तो तुझ्या बोटीवर ठेवू.

तुझा,
आजोबांच्या जागी असलेला म्हातारा तांडेल