रोड सायकलिंग करणाऱ्याने जिममध्ये वजनं उचलावीत का? मांड्या जाड होऊन चढावर तोटा होणार नाही ना?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फायदा होतो का? होतो. मांड्या जाड होऊन चढावर तोटा होईल का? बहुतेक नाही. पण फायदा का होतो याचं कारण सहसा चुकीचं सांगितलं जातं, आणि मग जिममध्ये व्यायामही चुकीचा केला जातो.

पायात ताकद आली की पॅडल जोरात मारता येतं, असं म्हणतात. हिशोब करून बघा. 200 वॉट, 90 केडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) आणि 170 मिलिमीटरचा क्रँक (पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) धरला तर पॅडलवर सरासरी जोर येतो जेमतेम 13 किलो. पॅडल खाली दाबतानाचा सर्वात मोठा जोर याच्या दुप्पट धरला, तरी एवढा भार कुठल्याही धडधाकट माणसाचा पाय सहज पेलतो. म्हणजे एका फेऱ्याला लागणारी ताकद तुमच्याकडे आजही आहे. अडचण अशी की तासाला असे 5400 फेरे मारायचे असतात.

वजनांचा उपयोग इथे होतो. तुमची कमाल ताकद वाढली की तोच 13 किलोचा जोर तिच्या तुलनेत हलका पडतो. चिवट, संथ स्नायूतंतू जास्त वेळ काम सांभाळतात आणि लवकर दमणाऱ्या वेगवान तंतूंची गरज उशिरा पडते. त्यामुळे पहिल्या तासात तुम्हाला काहीच फरक जाणवणार नाही. जाणवेल तो तिसऱ्या-चौथ्या तासात, जेव्हा सोबतचे गळायला लागतात.

नॉर्वेचे संशोधक बेंट रॉनेस्टॅड यांनी नेमकं हेच तपासलं. मुरलेल्या सायकलस्वारांच्या एका गटाने 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, सायकलिंगच्या जोडीला जड वजनं उचलली. मग सगळ्यांना 185 मिनिटं मध्यम वेगाने सायकल चालवायला लावून शेवटची 5 मिनिटं जीव तोडून मारायला सांगितली. वजनं उचलणाऱ्यांची त्या 5 मिनिटांतली पॉवर सुमारे 7 टक्क्यांनी वाढली होती. नुसती सायकल चालवणारे होते तिथेच राहिले. गंमत म्हणजे वजनांमुळे व्हीओटू मॅक्समध्ये, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्यात, काही खास भर पडली नव्हती. तो वाढवायचा असेल तर इंटरव्हल्स, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ हळू असं आलटूनपालटून चालवणं, जास्त उपयोगी.

यात 'जड' हा शब्द महत्त्वाचा आहे. हलकी वजनं घेऊन 25-30 रेप्स (तीच उचल सलग इतक्या वेळा) मारणारे सायकलवाले मी नेहमी बघतो. 'आपला खेळ दमाचा, म्हणून रेप्स जास्त' हा त्यांचा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण दमाचं काम सायकल तुमच्याकडून आधीच करून घेते. तेच जिममध्ये परत करायला पैसे कशाला भरायचे? 4 ते 10 रेप्समध्ये पाय थकतील एवढं वजन हवं, आणि दोन सेटच्या (सलग रेप्सच्या दोन फेऱ्यांच्या) मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. स्क्वॉट किंवा लेग प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून, कंबरेतून झुकत वजन उचलणं), एका पायाचा स्प्लिट स्क्वॉट, काफ रेज (टाचा उचलणं). एवढ्यात पायांचं काम होतं. शेवटी थोडं प्लँक आणि रोइंग करा, म्हणजे लांब राईडमध्ये कंबर आणि खांदे कुरकुरत नाहीत. अर्थात पहिले तीन-चार आठवडे हलक्या वजनावर ढब बसवण्यात घालवा. पाठीला बाक देऊन केलेल्या डेडलिफ्टने पाठ धरली तर सायकलही सुटेल.

आता मांड्यांचं. ट्रॅकवरच्या स्प्रिंटरांच्या मांड्या बघून घाबरायला होतं खरं, पण त्यांचं सगळं प्रशिक्षणच काही सेकंदांच्या जोरासाठी असतं. दमाचा व्यायाम भरपूर असला की शरीर स्नायू फुगवायला फारसं तयार होत नाही. 1980 साली रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगात दोन्ही व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद काही आठवड्यांनी वाढायची थांबली, त्यांच्या दमावर मात्र परिणाम झाला नाही. स्नायू फुगत नाहीत या गोष्टीवर बॉडीबिल्डर मंडळी रडतात. आपल्या मात्र ती पथ्यावर पडते.

आणखी एक फायदा आहे, तो घड्याळात दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, हाडांना धक्के बसत नाहीत. वर्षानुवर्षं फक्त रोड सायकलिंग करणाऱ्यांच्या मणक्यांच्या हाडांची घनता कमी आढळते, अगदी तरुण रेसरांमध्येसुद्धा. हाडांना भार मिळायला हवा, आणि जड स्क्वॉट तो देतो. चाळिशीनंतर स्नायूही झिजायला लागतात, म्हणून त्या वयात माझ्या मते हा व्यायाम ऐच्छिक राहत नाही.

वेळापत्रकाचं म्हणाल तर रेस नसलेल्या काळात आठवड्यातून दोन दिवस, दोन-तीन महिने करा. रेसचा हंगाम सुरू झाला की एक दिवस पुरतो, पण पूर्ण बंद करू नका; कमावलेली ताकद काही आठवड्यांत ओसरायला लागते. सुरुवातीला पाय इतके भरून येतील की जिना उतरताना कठडा धरावा लागेल, त्यामुळे मोठ्या राईडच्या आदल्या दिवशी स्क्वॉट नकोत. कठीण राईडच्याच दिवशी, काही तासांनी, वजनं उचलली तर विश्रांतीचा दिवस खरोखर विश्रांतीचा राहतो.

एकाच प्रकारच्या माणसाला मी तूर्त थांबा म्हणेन: वय कमी आहे, सायकलिंग नुकतंच सुरू केलंय आणि आठवड्याला जेमतेम तीन-चार तास मिळतात. त्याने ते तास आधी रस्त्यावरच घालवावेत.