केमो चालू असताना तळपायाला काळा डाग आलाय, आता हे काय नवीन?

प्रश्न: ताई नमस्कार. माझं वय ४६, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते. डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. ते लाल औषधाचे चार डोस झाले, आता दुसऱ्या औषधाचे चालू आहेत. नखं सगळी काळी पडलीत, तळहातावर पण डाग आलेत, डॉक्टर म्हणाले औषधानं होतं, म्हटलं ठीक आहे. पण उजव्या टाचेजवळ तळपायाला एक डाग आहे तो वेगळाच दिसतो, एका बाजूला जास्त काळा, कडा वाकडीतिकडी, आधीपासून होता का तेही आठवत नाही कारण तळपाय कोण बघत बसतं. मागच्या डोसला सिस्टरच्या लक्षात आलं, त्यांनी डॉक्टरांना दाखवला, मग स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी भिंगातून बघितलं आणि मेलानोमा म्हणून कातडीचा कॅन्सर असतो तो नाही ना ते बघायला बायोप्सी करू, म्हणजे तुकडा काढून तपासू म्हणाले. तेव्हापासून झोप नाही. सासूबाई म्हणतात तिळाला सुरी लावायची नाही, पसरतं. जाऊबाई म्हणतात कुरूप असेल, बिब्बा लाव. मिस्टर म्हणतात आधी केमो पूर्ण होऊ दे, मग बघू. मला तर वाटतंय छातीतलाच कॅन्सर पायात उतरला. मुलगी बारावीला आहे, तिला काही सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा, कारण केमोच्या गर्दीत कुणाच्या तळपायाकडे बघायला तशी नजर असावी लागते. आणि तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे बायोप्सी करून घ्या, केमो संपायची वाट न बघता, आत्ताच.

आता भीतीबद्दल. छातीतला कॅन्सर पायात उतरला असं तुम्हाला वाटतंय ना, ते जवळपास बाजूलाच ठेवा. स्तनाचा कॅन्सर कातडीत आला तर बहुतेक वेळा छातीवर, ऑपरेशनच्या व्रणाच्या आसपास येतो, आणि कडक गाठी किंवा लालसर चट्टे अशा रूपात येतो. टाचेजवळ सपाट काळा डाग ही त्याची तऱ्हा नाही. म्हणजे पायाचा प्रश्न वेगळा आहे आणि छातीची ट्रीटमेंट चालत नाहीये असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही.

मग डाग कसला असू शकतो? तुम्ही ज्याला लाल औषध म्हणता ते बहुधा डॉक्सोरुबिसिन, त्याच्याबरोबर बहुतेक वेळा सायक्लोफॉस्फामाइड देतात, आणि या दोन्हींनी आपल्यासारख्या सावळ्या कातडीत काळेपणा येतो, नखांत पट्टे, तळहात, तळपाय, कधी जिभेवरसुद्धा. पण तो सहसा अनेक ठिकाणी येतो, केमो संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू फिका होतो. दुसरं म्हणजे केमोत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात आणि टाचेला घासून कातडीखाली रक्त साकळतं, तेही काळंच दिसतं. तुम्ही शिलाई मशीन पायानं चालवत असाल तर त्या जागी दाब रोजचाच. तिसरं, साधा जुना तीळ, जो औषधामुळे गडद झाला म्हणून आत्ता नजरेत भरला. हे तिन्ही निरुपद्रवी आहेत.

आणि चौथा मेलानोमा. आपल्याकडे तो एकूण कमीच दिसतो, पण जेव्हा होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली होतो, म्हणजे ऊन न लागणाऱ्या जागी. गायक बॉब मार्ले यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच निघाला, सुरुवातीला फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटलं होतं, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी ते गेले. हे घाबरवायला सांगत नाहीये, मिस्टर म्हणतात ना मग बघू, त्यांच्यासाठी सांगतेय. आपल्याकडेही काटा मोडला असेल, कुरूप असेल, चप्पल लागली असेल असं म्हणत महिने जातात आणि माणूस उशिरा येतो.

तुमचा डाग एकटा आहे, बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, कडा सरळ नाही, रंग एकसारखा नाही. तळपायाला बारीक रेघा असतात, उंचवटे आणि खाचा. भिंगातून बघताना रंग खाचांमध्ये दिसला तर बहुतेक साधा तीळ असतो, उंचवट्यांवर दिसला तर शंका येते, आणि कधी नुसतं बघून ठरवताच येत नाही. बायोप्सी करू म्हणजे डोळ्यांनी नक्की सांगता येत नाही एवढंच, कॅन्सर आहे असं कुणीही म्हटलेलं नाही.

सासूबाईंना प्रेमानं सांगा की बायोप्सीनं मेलानोमा पसरत नाही. ही समजूत गावोगाव आहे आणि तिच्यापायी लोक उशीर करतात, मला याचं फार वाईट वाटतं. आणि जाऊबाईंना हात जोडून सांगा, बिब्बा नको म्हणजे नकोच. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, तुमच्या पांढऱ्या पेशी कमी असताना त्या जखमेत इन्फेक्शन झालं तर ॲडमिट व्हावं लागेल, केमो पुढे ढकलावी लागेल, वर पॅथॉलॉजीवाल्यांना भाजलेल्या कातडीतून निदान करणं अवघड जाईल. कॉर्न कॅप, ब्लेड, चुना, यातलंही काही नको.

मिस्टरांचं म्हणणं मला कळतं, एका वेळी एकच संकट झेलावं असं वाटतं माणसाला. पण मेलानोमात सगळ्यात महत्त्वाची असते ती त्याची खोली, मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरपेक्षा कमी असताना सापडला तर बहुतेक वेळा आजूबाजूच्या थोड्या निरोगी कातडीसकट कापून काढला की काम होतं. खोल गेला की जांघेतल्या गाठी तपासा, पुढची औषधं, सगळं वाढत जातं. आणि स्तनासाठीची केमो चालू आहे म्हणजे याचाही बंदोबस्त होतोय असं नाही, ती औषधं याच्यावर भरवशाची नाहीत. पण म्हणून स्वतःच्या मनानं केमोचा डोसही चुकवायचा नाही.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, तारीख त्यांनी मिळून ठरवू दे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पेशी सगळ्यात कमी असतात (तीन आठवड्यांचं चक्र असेल तर), म्हणून पुढच्या डोसच्या आधी काउंट वर आल्यावर, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी बघून बायोप्सी करतात. दर आठवड्याला डोस असेल तर हिशोब वेगळा, तो त्यांनाच विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. पूर्ण डाग काढणार की तुकडा, हेही विचारा, डाग छोटा असेल तर पूर्ण काढणं बरं. भुलीचं इंजेक्शन तळपायाला दुखतं, खोटं कशाला सांगू, पण अर्ध्या मिनिटाचं दुखणं असतं. तळपायाचे टाके दोन-तीन आठवडे ठेवावे लागतात, केमोत जरा जास्तच, तेवढे दिवस मशीनचं पायडल बंद, त्या हिशोबानं कपड्यांच्या ऑर्डर घ्या. रिपोर्टला आठवडाभर लागतो, खास रंगाच्या टेस्ट लावल्या तर अजून काही दिवस, म्हणजे रिपोर्ट लांबला म्हणून वाईटच आहे असं धरू नका. शंका राहिली तर काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागून घेऊन मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी परत तपासून घेता येतात. खर्चासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना विचारा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्यांना माहीत असतं.

आता झोपेबद्दल. मागच्या वेळी तुम्ही रिपोर्टची वाट बघितली आणि तो वाईट आला, म्हणून आता मनाला वाटतं की रिपोर्ट म्हणजे वाईटच. हे तुमचं मन कमजोर असल्याचं लक्षण नाही, एकदा भाजलेल्या प्रत्येकाचं असंच होतं, कॅन्सरच्या ओपीडीत बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. तुमच्या ऑन्कोलॉजीच्या डॉक्टरांना झोप लागत नाही हे स्पष्ट सांगा, केमोबरोबर घेतलेल्या स्टेरॉइडनंही झोप उडते, त्याची वेळ सकाळी करता येते का बघतील. समुपदेशक असतील तर भेटा. मोबाईलवर मेलानोमाचे फोटो बघणं बंद करा, तिथले बरेच फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्याच्याशी आपला डाग ताडून काही कळत नाही.

आणि मुलीला सांगा. बारावीची मुलगी लहान नाही, आईची नखं काळी झालेली ती रोज बघते, घरातली कुजबुज तिला ऐकू येते, आणि न सांगितलेलं ती त्याच्यापेक्षा भयंकर कल्पून बसते. एवढंच म्हणा, पायावर एक डाग आहे, तपासायला देतोय, रिपोर्ट आला की तुला पहिलं सांगेन. आणि खरंच पहिलं सांगा.

रिपोर्ट काहीही आला तरी तो घेऊन दोन्ही डॉक्टरांना दाखवा. मेलानोमा निघालाच तर कुठलं आधी, कुठलं नंतर हे ते एकत्र बसून ठरवतात, एकाच माणसाच्या दोन वेगळ्या कॅन्सरची ट्रीटमेंट करणं त्यांना नवीन नाही.

प्रश्न: माझी आई ६८ वर्षांची, डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत. कमरेला परकराची नाडी बांधते तिथे काळं पडलेलं होतं, आता सहा महिने झाले एक जखम भरतच नाही, कडा जाड झाल्यात. सगळे म्हणतात शुगर आहे, वेळ लागणारच. शुगर तर आता कंट्रोलमध्ये आहे. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर: दाखवण्यासारखं नक्की आहे, आणि याच आठवड्यात. शुगरनं जखम उशिरा भरते हे खरं, पण शुगर ताब्यात असूनही सहा महिने न भरणारी, जाड कडांची जखम शुगरच्या नावावर टाकून देऊ नका. आपल्याकडे वर्षानुवर्षं नाडी किंवा धोतर एकाच जागी घट्ट बांधून, घासून, घाम साचून तिथल्या कातडीचा कॅन्सर होतो. टाटा मेमोरियलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतराच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय, साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही तो दिसतो. नुसतं काळं पडणं, खाज, पांढरे डाग हे खूप बायकांना असतं आणि बहुतेकींना पुढे काही होत नाही. न भरणारी जखम, वाढणारा मांसल भाग, रक्त येणं, घाण वास, यातलं काही असलं की मात्र बायोप्सी लागते. लहान असताना काढला तर ऑपरेशननं बहुतेक वेळा सुटका होते.

स्किनच्या नाहीतर सर्जनच्या ओपीडीत न्या, शुगरचे रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. आईला लाजायला होईल, बाई डॉक्टर मागून घ्या. तोवर जखमेवर हळद-तेल, राख काही नको, स्वच्छ धुवून कोरडं ठेवा, आणि परकराऐवजी सैल गाऊन घालू दे.